फिश टँकला सम्प आणि ओव्हरफ्लो: लाईट जाणार हे धरूनच मांडणी करा

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी आणि ४५ वर गेलं की धोका पातळी. सांगलीत वाढलेल्या माणसाला हे दोन आकडे कुणी शिकवावे लागत नाहीत. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर पावसाळ्यात घरातली लहान मुलंसुद्धा सकाळी उठून ‘आज किती फूट?’ विचारतात. माझ्या फिश टँकच्या खाली जो सम्प आहे, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी लहान टाकी, त्याच्या काचेवर मी मार्करनं अशाच दोन रेघा मारल्या आहेत. खालची रेघ पंप चालू असतानाच्या पाण्याची. वरची रेघ लाईट गेल्यावर पाणी चढून जिथं थांबतं तिथली. वरच्या रेघेपासून सम्पच्या कडेपर्यंत अजून मोकळी काच शिल्लक असली पाहिजे. ती नसेल तर एक ना एक दिवस पाणी फरशीवर येणारच.

नव्यानं सम्प बसवणारे बहुतेक जण पंप चालू करून पाणी छान फिरतंय एवढं बघतात आणि काम झालं असं समजतात. सम्पची खरी परीक्षा पंप बंद पडल्यावर असते. आपल्याकडं वळवाचा एक पाऊस झाला की लाईट जाते, त्यामुळं ही परीक्षा वर्षातून कितीतरी वेळा होणार. म्हणून खाली जे सांगितलंय ते सगळं याच एका गोष्टीच्या भोवती आहे.

सम्प कुणाला लागतो

दोन फुटी टाकीत दहा-पंधरा गप्पी किंवा मॉली असतील तर सम्पच्या वाटेला जाऊ नका, स्पंज फिल्टर पुरतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश, आफ्रिकन सिक्लिड असे भरपूर खाणारे आणि भरपूर घाण करणारे मासे असतील, आणि टाकी तीन फुटांच्या पुढं असेल, तर सम्पसारखी दुसरी सोय नाही. एकूण पाणी वाढतं, त्यामुळं घाण पातळ होते. हीटर, पंप, फिल्टर सगळं खाली जातं आणि वर फक्त मासे दिसतात. पाण्यावर जो तेलकट थर धरतो तो आपोआप ओढला जातो. उन्हाळ्यात कितीही पाणी उडून गेलं तरी वरच्या टाकीची पातळी तसूभर हलत नाही, जी काही घट होते ती खाली दिसते.

पाणी खाली कोण नेतं

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक पंप पाणी वर चढवायला आणि एक खाली सोडायला, असे दोन पंप लागतील ना? आणि दोघांचा वेग सारखा कसा ठेवायचा?

पंप एकच लागतो, पाणी वर नेणारा. खाली ते स्वतःच्या वजनानं येतं. ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा आठवा. बंधारा भरला की वरून जेवढं पाणी येईल तेवढंच पलीकडं सांडतं. वरून आवक थांबली की सांडणं थांबतं आणि पाणी बंधाऱ्याच्या माथ्याशी उभं राहतं. ओव्हरफ्लो म्हणजे टाकीच्या आत बांधलेला असाच बंधारा. पंप जितकं वर टाकेल तितकंच माथ्यावरून सांडून पाईपनं सम्पमध्ये येईल. वेग जुळवायचा प्रश्नच येत नाही. खाली येणारा पाईप पुरेसा मोठा आहे ना, एवढंच बघायचं.

बाजारात काठावर अडकवायची ओव्हरफ्लो पेटी मिळते, जिच्यात पाणी उलट्या ‘यू’ आकाराच्या नळीतून सायफननं बाहेर येतं. काच फोडायची भीती वाटते म्हणून लोक ती घेतात. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. त्या नळीत हवा साठत जाते. लाईट जाऊन आल्यावर सायफन पुन्हा धरला नाही, तर पंप सम्पमधलं पाणी वर ढकलत राहतो आणि खाली काहीच येत नाही. भोक पाडलेल्या टाकीत हा धोका नाही.

आधी कागद, मग काच

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी धरू. १० मिमी काच धरली तर आतली लांबी-रुंदी साधारण १२० सेंमी बाय ४४ सेंमी. दोन्हींचा गुणाकार ५,२८० चौरस सेंमी. म्हणजे या टाकीत पाणी १ सेंमी चढलं किंवा उतरलं की ५.३ लिटरचा फरक पडतो. हा ५.३ आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

खालचा सम्प अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आतून सुमारे ७५ बाय २९ सेंमी, म्हणजे दर सेंटीमीटरला २.२ लिटर.

आता पंप चालू असताना वरचं पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापेक्षा थोडं वर असतं, कारण ते सांडत असतं. माथ्यावर दाते कापलेली फणी असते, ती थोडी घाण झाली आहे असं समजून हा फरक २ सेंमी धरा. पंप बंद पडला की एवढं पाणी खाली येणार: २ गुणिले ५.३, म्हणजे साडेदहा लिटर. ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाईपमधलं मिळून आणखी तीनेक लिटर. एकूण १४ लिटर. सम्पमध्ये त्यानं पातळी साडेसहा सेंमी चढेल. सम्पची उंची ३८ सेंमी. चालू पातळी २२ ते २४ सेंमीवर ठेवली तर वर १४ सेंमी मोकळे राहतात, म्हणजे ३० लिटरची जागा. गरजेच्या दुप्पट. मी यापेक्षा कमी जागा कधीच ठेवत नाही.

हाच हिशेब उलट्या दिशेनंही करायचा असतो, आणि तो बरेच जण विसरतात. समजा खाली येणारा पाईपच तुंबला. गोगलगाय अडकली, पान अडकलं, मेलेला मासा अडकला. पंप चालूच आहे. तो सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर टाकत राहील आणि तो कप्पा रिकामा झाल्यावरच थांबेल. तो कप्पा २० बाय २९ सेंमीचा असेल आणि पंपाच्या तोंडाच्या वर १४ सेंमी पाणी असेल, तर ते ८ लिटर झालं. वरच्या टाकीत ८ लिटरनं पातळी दीड सेंमी चढते. काठ ३-४ सेंमी वर असेल तर एक थेंब बाहेर येणार नाही. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. तो मोठा केला की रोज पाणी घालायचा त्रास वाचतो हे खरं, पण मग तो वरून ओतणार किती, तेही बघावं लागतं.

स्टँड

वरचं पाणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास, सम्पमधलं पन्नास, काच, वाळू, दगड आणि स्टँड मिळून वजन चारशे किलोपर्यंत जातं. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची चौकोनी पाईपचा स्टँड करून घ्या. त्याला एक गोष्ट आधीच सांगा: समोरच्या बाजूला मधला पाय नको. मधला पाय आला की सम्प आत जात नाही, आणि गेलाच तर पुन्हा कधी बाहेर निघत नाही. आडव्या पाईपला जाडी वाढवून घ्या, पण समोर मोकळं ठेवा. सम्पच्या वरही एक फूटभर हात फिरेल अशी जागा हवी, नाहीतर स्पंज धुवायचा कंटाळा येतो आणि मग तो धुतलाच जात नाही.

स्टँड जागेवर ठेवल्यावर गवंड्याकडची लेव्हल ट्यूब आणून चारही कोपरे बघा. आपल्या फरशांना मोरीकडं उतार असतो. टाकी तिरकी असेल तर ओव्हरफ्लोच्या फणीच्या एकाच टोकाकडून पाणी सांडतं. टाकीखाली थर्माकोलची शीट टाका.

काचेला भोक

टाकी नवीन करून घेत असाल तर हे काम काचवाल्यावर सोपवा, टाकी चिकटवण्याआधी. पण त्याच्याकडं जाताना टँक निपल, म्हणजे काचेच्या भोकात बसवून पाईप जोडायचा आट्यांचा तुकडा, खिशात घेऊन जा. ‘एक इंचाचं भोक पाडा’ असं सांगितलं की हमखास चूक होते, कारण एक इंच पाईपच्या टँक निपलला भोक त्याहून बरंच मोठं लागतं. निपलचे आटे मोजून त्यापेक्षा एक-दोन मिमी मोठा बिट घ्यायचा.

आणि विचारायचंच: “काका, ही काच टफन तर नाही ना?” टफन काचेला भोक पडत नाही, बिट टेकताच तिचा चुरा होतो. जुनी टाकी असेल तर तळाची काच टफन असू शकते. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर काच धरून पोलराइज्ड गॉगलमधून बघितलं तर टफन काचेत गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. शंका राहिली तर त्या काचेला हात लावू नका.

स्वतः पाडणार असाल तर डायमंडचा होल-सॉ लागतो. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. मागच्या बाजूला चिकटपट्टी लावा म्हणजे शेवटी टवका उडत नाही. भोकाभोवती पुटीची गोल पाळ करून आत पाणी भरा. बिट सुरुवातीला थोडा तिरका टेकवून खाच पाडायची, मग सरळ करायचा. ड्रिल अगदी हळू वेगानं, हातानं दाब न देता, ड्रिलच्या वजनावर. १० मिमी काचेला घाई न करता दहा-पंधरा मिनिटं लागतात. शेवटच्या दोन मिलीमीटरला आणखी सावकाश.

तळाच्या काचेत मागच्या कोपऱ्याला भोकं तीन पाडून घ्या. दोन खाली जाणाऱ्या पाईपसाठी आणि एक परतीच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाईपसाठी. दोन कशाला, हे पुढं सांगतो.

निपल बसवताना रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला येतो. त्याला सिलिकॉन लावू नका. नट हातानं आवळा, वर पाव फेरा द्या. पान्यानं ताकद लावली तर एक तर वायसर बाहेर सरकतो किंवा काच तडकते.

ओव्हरफ्लोची पेटी

टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, भोकं आत येतील अशी, काचेची किंवा काळ्या अॅक्रिलिकची पेटी उभी करायची. कोपऱ्याच्या दोन बाजू टाकीच्याच असतात, उरलेल्या दोन आपण लावायच्या. दोन्ही १५ सेंमीच्या घेतल्या तर सांडायला एकूण ३० सेंमीचा माथा मिळतो. त्यावर दाते कापायचे, म्हणजे फणी. दाते नसतील तर लहान मासे पाण्याबरोबर आत जातात. दात्यांच्या तळाची उंची हाच आपला बंधाऱ्याचा माथा. वरच्या उदाहरणात तो तळापासून ४० सेंमीवर ठेवा. चालू पातळी ४१-४२ वर येईल आणि काठापर्यंत ३-४ सेंमी राहतील.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं काचेचं सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठी बुरशी न लागणारं म्हणून जे मिळतं ते चुकूनही नको, त्यातली बुरशीनाशकं माशांना मारतात. लावल्यावर निदान दोन दिवस, शक्य असेल तर आठवडा पाणी भरू नका. वास पूर्ण गेला पाहिजे.

पाईप

आपल्याकडं पीव्हीसीच्या सामानाची चंगळ आहे. तासगावच्या द्राक्षबागांपासून मिरजेच्या ऊसापर्यंत सगळीकडं ठिबक, त्यामुळं बॉल वॉल्व्ह, युनियन, एल्बो कुठल्याही शेती साहित्याच्या दुकानात मिळतात. पण इथंच एक खड्डा आहे. शेतीचा ३२ मिमी पाईप बाहेरून मोजून ३२ मिमी असतो. घराच्या प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी पाईप बाहेरून सुमारे ३३.४ मिमी असतो. एक इंची सीपीव्हीसी तर २८.६ मिमी. तिन्हींना लोक ‘एक इंची’ म्हणतात आणि तिन्ही एकमेकांत बसत नाहीत. दीड मिलीमीटर सोल्यूशननं भरून निघेल असं वाटतं, तसं होत नाही, गळतं. पाईप, एल्बो आणि टँक निपल एकाच दुकानातून, एकाच प्रकारचं घ्या आणि तिथंच एकमेकांत घालून बघा.

खाली येणाऱ्या पाईपला सव्वा इंच घ्या. आत पेटीमध्ये तो उभा करून त्याच्या डोक्यावर टी बसवायची. टीचं आडवं तोंड एल्बोनं खाली वळवायचं आणि वरच्या तोंडाला टोपी लावून तिला बारीक भोक पाडायचं. याला हौशी लोक डर्सो पाईप म्हणतात. सरळ उघडा पाईप ठेवला तर पाणी हवा गिळत, भोवरा करत खाली जातं आणि मोरीत पाणी तुंबून सुटल्यासारखा आवाज रात्रभर येत राहतो. टोपीचं भोक ३ मिमीपासून सुरू करा आणि आवाज थांबेपर्यंत थोडं थोडं वाढवत न्या.

दुसरा पाईप आपत्तीचा. तो पहिल्यापेक्षा २-३ सेंमी उंच, वरून उघडा आणि नेहमी कोरडा. पहिला तुंबला की पेटीतलं पाणी चढून यातून जातं. सम्पमध्ये त्याचं टोक पाण्याच्या वर राहू द्या, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की मोठा आवाज होतो आणि घरातल्या कुणालाही कळतं. या पाईपवर बॉल वॉल्व्ह कधीही बसवायचा नाही. कुणीतरी साफसफाई करताना बंद करतो आणि तसाच राहतो.

ज्यांना पूर्ण शांतता हवी, ते पहिल्या पाईपवर वॉल्व्ह लावून तो पूर्ण पाण्यानं भरून चालवतात. त्याला हर्बी पद्धत म्हणतात. आवाज खरोखर शून्य होतो, पण वॉल्व्ह जुळवायला संयम लागतो आणि आपत्तीचा पाईप नसेल तर ती करूच नये. पहिल्या वर्षी डर्सोवर राहा.

सम्पमध्ये पहिल्या पाईपचं टोक पाण्याखाली फक्त १-२ सेंमी बुडवा. खोल बुडवलं तर आत अडकलेली हवा बाहेर निघत नाही आणि पाणी धक्के देत येतं. जिथं जमेल तिथं ९० अंशाच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा. आडवा पाईप ठेवायचाच झाला तर उतार द्या. आणि प्रत्येक पाईपवर स्टँडच्या आत एक युनियन हवी. नाहीतर उद्या सम्प बाहेर काढायचा झाला तर पाईप कापावा लागेल.

परतीचा पाईप, जिथं माझं चुकलं

पंप बंद पडला की परतीच्या पाईपमधलं पाणी मागं फिरतं आणि तोच पाईप सायफन होतो. त्याचं वरच्या टाकीतलं तोंड जिथवर बुडालेलं आहे, तिथवर टाकी रिकामी होत जाते. तोंडातून हवा शिरली की सायफन तुटतो.

माझ्या पहिल्या टाकीत मी हे तोंड पाण्याखाली १० सेंमी ठेवलं होतं, पाणी चांगलं ढवळावं म्हणून. सायफन तुटावा यासाठी पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोकही पाडलं होतं आणि सुरुवातीच्या चाचणीत ते बरोबर चाललं. काही महिन्यांनी एका रात्री लाईट गेली. तोवर त्या भोकात शेवाळ धरलं होतं. १० सेंमी पाणी उतरलं, म्हणजे ५३ लिटर. सम्पमध्ये जागा तीसची. तेवीस लिटर पाणी हॉलमध्ये. आईच्या लाकडी कपाटाचे पाय त्यात फुगले, ते आजही तसेच आहेत. मासे वाचले, कारण वरच्या टाकीत भरपूर पाणी उरलं होतं.

तेव्हापासून मी परतीचं तोंडच पाण्याखाली फक्त २ सेंमी ठेवतो. दात्यांच्या तळापर्यंत पाणी उतरेपर्यंत हवा शिरलेलीच असते. भोकं पाडायचीच तर दोन पाडा, ४ मिमीची, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, आणि त्यांना जादाची सोय समजा. नॉन-रिटर्न वॉल्व्ह लावला म्हणजे काळजी मिटली असं दुकानात सांगतात. त्यात एक वाळूचा कण किंवा शेवाळाचा धागा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

सम्पचे कप्पे

पहिल्या कप्प्यात पाणी पडतं. तिथं फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) किंवा स्पंज, त्यावर पांढरा फ्लॉस. घाण इथंच अडकवायची आणि आठवड्याला धुवायची.

दुसरा कप्पा सगळ्यात मोठा. यात जीवाणू राहतात, जे माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना बसायला मीडिया लागतो, म्हणून सिरॅमिक रिंग्ज, लाव्हा रॉक किंवा के-वन मीडिया घाला. पैसे वाचवायचे असतील तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या चालतात, तारेच्या नकोत आणि साबण लावलेल्याही नकोत. या कप्प्यातलं काहीही नळाच्या पाण्यानं धुवायचं नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळायचं.

मग तीन पट्ट्यांचा बुडबुड्यांचा सापळा: पहिल्या काचेवरून पाणी जातं, दुसरीखालून, तिसरीवरून. मधली अंतरं एक-एक इंच. हवा यात वर निघून जाते, नाहीतर वरच्या टाकीत पाणी सोड्यासारखं दिसतं. पट्ट्यांना ५-६ मिमी काच पुरते. सम्पच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिमी कमी कापायला सांगा, दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा लागते.

शेवटचा कप्पा पंपाचा. उडून गेलेलं पाणी फक्त इथं कमी झालेलं दिसतं, बाकी कप्प्यांची पातळी पट्ट्यांमुळं स्थिर राहते. हीटर इथं ठेवू नका, पाणी कमी झालं तर तो उघडा पडतो. मीडियाच्या कप्प्यात ठेवा.

पंप आणि हेड

हेड म्हणजे पंपाला पाणी जेवढं वर चढवायचं ती उंची, हे या जिल्ह्यात सांगायची गरज नाही. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून जत, कवठेमहांकाळकडं नेणारी म्हैसाळ योजना आपल्याकडंच आहे, आणि पंपांसाठी नाव झालेली किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात. विहिरीवर मोटार बसवताना जो विचार करता तोच इथं. खोक्यावर लिहिलेले ताशी लिटर हे शून्य उंचीचे असतात आणि ‘मॅक्स हेड’ ही ती उंची, जिथं एक थेंबही पडत नाही.

आपल्या टाकीत ताशी पाच वेळा पाणी फिरलं तर पुरे, म्हणजे ११०० लिटर. सम्पच्या पाण्यापासून परतीच्या तोंडापर्यंत सुमारे १ मीटर, एल्बोंचा अडथळा धरून दीड मीटर समजा. तेव्हा खोक्यावर ताशी २००० ते २५०० लिटर आणि ३ मीटर मॅक्स हेड लिहिलेला पंप घ्या. बसवल्यावर परतीचं पाणी ५ लिटरच्या भांड्यात धरून घड्याळ लावा. १६ सेकंदांत भरलं तर साधारण ११०० लिटर आहे. बावीस-तेवीस सेकंद लागले तर कमी पडतंय.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. सॉकेट सम्पच्या वर किंवा बाजूला उंचावर, कधीही खाली नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या बाकापाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी हीटर बंद.

इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्यावर घ्या, छताच्या पंख्यापेक्षा तो कमी वीज खातो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असावा, स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. लाईट बराच वेळ नसेल तर एक एअरस्टोन वर आणि एक मीडियाच्या कप्प्यात सोडा. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो.

पाणी भरून चाचणी

मासे, वाळू, दगड काहीही न घालता आधी कोरडे सांधे बघा. मग वरची टाकी दात्यांपर्यंत भरा, सम्प अर्धा भरा, पंप चालू करा. खाली पाणी यायला लागेल. पंपाचा कप्पा कमी होईल तसं सम्पमध्ये पाणी घालत राहा, २२ सेंमीवर स्थिर झालं की थांबा. अर्धा तास जाऊ द्या. पहिली रेघ मारा.

आता बटण बंद करा आणि हातात पुसणं घेऊन सम्पसमोर बसा. पाणी चढेल, पाच-दहा मिनिटांत थांबेल. दुसरी रेघ मारा. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा, असं तीन वेळा. तिन्ही वेळा पाणी त्याच रेघेवर थांबलं पाहिजे आणि चालू केल्यावर पहिल्या रेघेवर परत आलं पाहिजे. दुसरी रेघ काठाच्या ५ सेंमीच्या आत आली तर सम्पमधलं पाणी कमी करा. पाणी खाली उतरतच राहिलं तर परतीच्या तोंडाची उंची तपासा.

मग पहिल्या पाईपचं तोंड फडक्यानं बंद करा, पंप चालूच. आपत्तीच्या पाईपमधून पाणी जायला लागलं पाहिजे. शेवटी दोन्ही बंद करून बघा. पंपाचा कप्पा रिकामा होऊन पंप हवा ओढायला लागेल, तेव्हा वरचं पाणी काठाच्या खाली थांबलेलं असलं पाहिजे. त्या क्षणी पंप बंद करा, कोरडा चालू देऊ नका. ही शेवटची चाचणी करायला मन धजत नाही, मलाही धजलं नव्हतं, पण ती दिवसा, हातात फडकं असताना केलेली बरी.

दोन दिवस असंच चालू द्या आणि सांध्यांखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसते.

मासे घालायच्या आधी आणि नंतर

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जीवाणूंनाही मारतो. अँटीक्लोरिन वापरा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर आफ्रिकन सिक्लिडना ते उलट मानवतं. जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे भरू नका. ओळखीच्या कुणाकडं चालू टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला मूठभर मीडिया मागून आणा, हा काळ बराच कमी होतो.

उन्हाळ्यात, पारा चाळिशीकडं गेला आणि पंखा चालू असला की पंपाच्या कप्प्यातलं पाणी झपाट्यानं उतरतं. रोज सकाळी पहिल्या रेघेपर्यंत पाणी घाला, तेही पंप चालू असताना. लाईट नसताना रेघ बघून पाणी घातलं किंवा काढलं तर सगळा हिशेब बिघडतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. गावाला जाताना शेजारच्या काकूंकडं किल्ली देणार असाल तर त्यांनाही. मी त्यासाठी दोन्ही रेघांच्या शेजारी कागद चिकटवला आहे: ‘पंप चालू असेल तरच, या रेघेपर्यंत.’

महिन्यातून एकदा परतीच्या पाईपची भोकं दात कोरायच्या काडीनं साफ करा, फणीवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशनं काढा, आणि मग मुद्दाम पंप बंद करून पाणी कुठवर चढतंय ते बघा. मेच्या शेवटी, पहिल्या वादळी पावसाच्या आधी, मी हे न चुकता करतो.